मदत हवी आहे: कवितेचं रसग्रहण पायरीपायरीनं कसं शिकवावं?

सेलूकर:
नमस्कार मंडळी. मुलगी दहावीला आहे. मराठीत बाकी सगळं जमतं, रसग्रहण आलं की गाडी अडते. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे मथळे पाठ आहेत, पण खाली प्रत्येक कवितेला तेच: 'कवीने अत्यंत समर्पक शब्दांत भावना मांडल्या आहेत.' वाक्यं गाईडातली. कवितेचं नाव बदललं की उत्तर तयार.

सरावाला पुस्तकाबाहेरचा म्हणून जनाबाईंचा 'दळिता कांडिता, तुज गाईन अनंता' हा अभंग दिला. गंगाखेड आपल्याच परभणी जिल्ह्यातलं, म्हटलं जवळचं वाटेल. तर लिहिलं काय, 'कष्टकरी स्त्रीचे दुःख, करुण रस.' मला पटत नाही, पण का ते सांगताही येईना. मी कॉमर्सवाला. आधी काय, नंतर काय, कोणी सांगेल का? नवं गाईड सुचवू नका, दोन पडलेत घरात.

गोदाकाठ:
भाऊ, मथळे सध्या बाजूला ठेवा. ते उत्तर मांडायला आहेत, कविता कळायला नाहीत.

आधी मोठ्यानं वाचायला लावा, दोनदा तरी. मग एकेका चरणाचा सरळ गद्यात अर्थ. ही पायरी पोरं टाळतात आन् तिथंच घसरतात. 'न विसंबे क्षणभरी' याला आजच्या 'विसंबून राहणे'चा अर्थ लावला तर ओळ उलटी होते. इथं ते 'क्षणभरही विसरत नाही, सोडत नाही' असं आहे.

मग विचारा: कोण बोलतंय, कोणाशी, कोणत्या वेळी? तिन्ही उत्तरं आतच आहेत. बोलणारी 'नामयाची दासी' (नामदेवांच्या घरची दासी, म्हणजे जनाबाई), ऐकणारा अनंत, मुरारी, चक्रपाणी, वेळ दळणकांडणाची. देवाला 'तू', 'गा', 'बा' म्हणते, म्हणजे सलगी केवढी बघा. कवीपरिचय अजून उघडायचा नाही.

आता करुण रसाचं. दुःखाचा एक शब्द दाखव म्हणा तिला. सापडणार नाही. दळण ही इथं तक्रार नाही, गायची वेळ आहे. आणि 'नित्य हाचि कारभार' म्हणते तो कारभार दळणाचा नाही, नामाचा. दुसऱ्याच्या घरी राबणारी बाई स्वतःचा कारभार सांगतेय! भक्तिरस लिहा.

रचना शेवटी. अक्षरं बोटांवर मोजायची: 'न विसंबे क्षणभरी' आठ, 'तुझे नाम गा मुरारी' आठ, शेवटी यमक. अशा रचनेला 'लहान अभंग' म्हणतात. पहिला चरण सहाचा भरतो, 'मायबाप बंधुबहिणी' नऊचा; गाताना ते जुळून येतं, त्यामुळं तिचं मोजणं चुकलं असं समजू नका.

लिहिताना अट एकच. प्रत्येक विधानामागं कवितेतला शब्द अवतरणात हवा. नसेल तर वाक्य खोडायचं, कितीही गोड असलं तरी.

औसेकरीण:
करुण एवढा झटक्यात काढू नका हो. आमच्याकडं बाया पहाटे जात्यावर ओव्या म्हणायच्या, त्यात माहेर हमखास यायचं. इथं मायबाप, भाऊ, बहिणी सगळी नाती एका देवावरच ठेवलीत. असं कोण म्हणतं? जिला ती नाती जवळ नाहीत तीच ना?

गोदाकाठ:
ताई, मुद्दा बिनतोड आहे, आणि त्याला 'मायबाप बंधुबहिणी' हा आधारही आहे. मी तो 'एकटेपणाची छटा' म्हणून आशयसौंदर्यात घेईन. मुख्य रस मात्र भक्तीच, कारण शेवटी 'लक्ष लागले चरणासी' आहे.

सेलूकर:
दोघांचेही आभार. आजच बसवतो तिला. एक राहिलं: मुक्तछंदातल्या कवितेला हेच चालेल का? तिथं मोजायचं काय?

गोदाकाठ:
पहिल्या पायऱ्या त्याच. अक्षरांऐवजी ओळ कुठं तोडलीय ते बघायचं. तीच ओळ सलग गद्यात लिहून काढायला सांगा आणि काय हरवलं ते विचारा. ती जे सांगेल ते काव्यसौंदर्याखाली घाला.