मोरचूद (कॉपर सल्फेट, तांब्याचा निळा क्षार) हाताळताना काय काळजी घ्यायची? वडील उघड्या हातानेच कालवतात

मोसंबीकर: नमस्कार मंडळी, आमची 300 मोसंबीची झाडं आहेत, पावसाळ्याआधी बुरशी लागू नये म्हणून खोडाला बोर्डो पेस्ट लावतो, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. वडील पहिल्यापासून हातानेच कालवतात, काही होत नाही म्हणतात. परवा मोरचूद कुटताना बारीक कण माझ्या डोळ्यात उडाला, असली आग की पाणी मारून मारून जीव गेला, अजून डोळा लालच आहे. आणि पिशवी ओसरीवर असते, 3 वर्षांची पोरगी निळे खडे बघून "खडीसाखर" म्हणाली, तेव्हापासून झोप नाही. खरंच किती विषारी असतं हे?

बागायतदार_72: दादा आधी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा, आजच. मोरचुदाने बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. असं झालं की लगेच 15-20 मिनिटं साध्या पाण्याची धार सोडायची, चोळायचं नाही. आणि मुळात कुटायचंच कशाला, रात्री फडक्यात बांधून प्लास्टिकच्या ड्रममध्ये वरच्यावर पाण्यात लटकवून ठेवा, सकाळपर्यंत आपोआप विरघळतं, धूळच उडत नाही. लोखंडी बादली नको, तांबं तिच्यावरच बसतं. चुना विरवताना उकळतो, तोही डोळ्यात गेला तर वाईट, म्हणून गॉगल आणि रबरी हातमोजे दोन्ही कामांना. वडिलांना काठी द्या कालवायला.

नर्सताई: पोरीचं आधी बघा भाऊ. पोटात गेलं तर निळ्या-हिरव्या उलट्या, पोटात जळजळ, पुढे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लिव्हर-किडनीवर येतं. मीठपाणी पाजून उलटी करवायला जाऊ नका, तोंड धुवा आणि पिशवीसकट सरळ दवाखाना गाठा. पिशवी आजच कुलुपात टाका, पाण्याच्या बाटलीत द्रावण कधीच भरून ठेवू नका.

धनगरवाडा: एक राहिलं, ड्रम धुतलेलं पाणी विहिरीत, ओढ्यात सोडू नका, मासे मरतात. मेंढ्यांना तर तांबं शेळ्यांपेक्षा लवकर बाधतं, फवारा मारलेल्या बागेत आमची मेंढरं आम्ही सोडतच नाही.

मोसंबीकर: खूप आभार सगळ्यांचे. डॉक्टरकडे जाऊन आलो, बुबुळावर ओरखडा आहे, थेंब दिलेत. पिशवी पत्र्याच्या पेटीत, किल्ली आईकडे. वडील हातमोजे घालायला अजून तयार नाहीत पण काठी घेतली हातात. पेस्टमध्ये तांबं मोकळं राहिलंय का, ते खिळा बुडवून बघायची पद्धत बरोबर आहे ना?

बागायतदार_72: हो, घासलेला खिळा बुडवा, तांबूस थर चढला तर चुना अजून घाला.