आयव्हीएफ की इक्सी? बाळातील जन्मजात व्यंगाच्या जोखमीविषयी माहिती हवी आहे

नमस्कार. पूर्वी झालेल्या क्षयरोगामुळे माझ्या दोन्ही गर्भनलिका बंद आहेत, त्यामुळे आम्हाला आयव्हीएफशिवाय, म्हणजे शरीराबाहेर प्रयोगशाळेत स्त्रीबीजाचे फलन केल्याशिवाय, मार्ग नाही. माझ्या पतींच्या वीर्यतपासणीत काहीही दोष आढळलेला नाही, तरीही आमच्या उपचार केंद्राने इक्सी, म्हणजे एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडण्याची पद्धत, सुचवली आहे. पुढच्या भेटीत आम्हाला निर्णय कळवायचा आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियातील तीन लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदींवर आधारलेला, २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाचल्यापासून मला काळजी वाटते आहे. त्यात अशा उपचारांनंतर जन्मजात व्यंगांचे प्रमाण ८.३ टक्के, तर उपचारांविना राहिलेल्या गर्भांत ५.८ टक्के आढळले. (तेथे मूल पाच वर्षांचे होईपर्यंत लक्षात आलेली व्यंगे आणि व्यंगामुळे केलेले गर्भपातही मोजले होते, म्हणून दोन्ही आकडे आपण एरवी ऐकतो त्या दोन-तीन टक्क्यांपेक्षा मोठे दिसतात.) आईचे वय आणि इतर घटक विचारात घेतल्यावर साध्या आयव्हीएफमधील (ज्यात बीज व शुक्राणू एकत्र ठेवून फलन आपोआप होऊ दिले जाते) फरक जवळजवळ उरला नाही, इक्सीमधील मात्र टिकला. शिवाय, वंध्यत्वाचा पूर्वेतिहास असूनही ज्यांना उपचारांविना दिवस गेले, त्यांच्या बाळांतही हे प्रमाण काहीसे अधिक होते. म्हणजे जोखमीचा काही भाग उपचारांतून नव्हे, तर मूल न होण्यामागच्या मूळ कारणातून येत असावा, असे मला वाटते.

माझा मुख्य प्रश्न येथेच आहे. इक्सी बहुधा शुक्राणूंमध्ये दोष असलेल्या जोडप्यांसाठी केली जाते, मग तिच्यात दिसलेली अधिक जोखीम त्या दोषामुळे आहे की सुईने केलेल्या फलनामुळे? पहिले खरे असेल तर ती आम्हाला फारशी लागू होऊ नये. दुसरे खरे असेल तर गरज नसताना ती का पत्करावी? साध्या आयव्हीएफमध्ये एकाही बीजाचे फलन न होण्याची भीती असते, असे डॉक्टर सांगतात आणि ते मला पटते. परंतु शुक्राणूंची संख्या व हालचाल सामान्य असलेल्या १०६४ जोडप्यांवर व्हिएतनाममध्ये झालेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले, इक्सीमुळे जिवंत बाळ जन्मण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले नाही.

एका वेळी एकच भ्रूण सोडायचा, हे आम्ही ठरवले आहे, कारण जुळ्यांत अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका मोठा असतो.

येथील स्त्रीरोगतज्ज्ञांनी किंवा गर्भविज्ञान प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. शुक्राणू सामान्य असताना ज्यांनी साध्या आयव्हीएफचा आग्रह धरला, त्यांना केंद्राकडून कसा प्रतिसाद मिळाला? तसेच गर्भधारणा झाल्यास पाचव्या महिन्यात गर्भातील व्यंगे शोधण्यासाठी होणारा अ‍ॅनोमली स्कॅन पुरेसा आहे, की गर्भाच्या हृदयासाठी फीटल एको स्वतंत्रपणे करून घ्यावा?