गोचीड चावल्याची खूण किती दिवस राहते? आपापले अनुभव सांगा

आर्वी, जि. वर्धा
आमच्या कोठ्यात दोन गवळाऊ गाई आहेत. पहिल्या पावसानंतर शेण काढताना कमरेला गोचीड चिकटली. सासूबाईंनी घाईत ओढली, तिचं तोंड आतच तुटलं. लाल चट्टा दोन दिवसांत ओसरला, पण मुगाएवढी टणक गाठ दिवाळीपर्यंत गेली नाही. साडीची निरी नेमकी तिथंच घासायची, रात्री खाज सुटायची. फार भ्याले होते मी. तुमची जखम कशी भरली ते दिवसांसकट लिहा.

गोंदिया
मे महिन्यात आम्ही तेंदूपत्ता तोडायला जातो. घरी आलो की काखा, जांघा, कानामागं एकमेकांचं पाहतो. बारीक गोचीड तिळाएवढी असते, पोट भरलं की फुगते. चिमटा अगदी कातडीला टेकवायचा, सरळ वर ओढायचं, पिळायचं नाही, मग साबणानं धुवायचं. अशी काढली तर माझ्या अंगावर आठवड्यात नुसतं टिंब उरतं. बाबा बिडीचा चटका देत. त्यांच्या पोटरीवर अजून डाग आहे, तो गोचिडीचा नाही, चटक्याचा आहे.

आशाताई, यवतमाळ जिल्हा
आर्वीच्या ताई, तोंड आत राहिलं तरी सुईनं उकरू नका. बारीक काट्यासारखं कातडी ते हळूहळू स्वतःच बाहेर टाकते. गाठ काही महिने राहू शकते. आपल्या सावळ्या कातडीवर काळा डाग त्याहूनही जास्त टिकतो. गाठ वाढली, पू झाला, तर मात्र दाखवा.

मेळघाट
माह्या मानेवर लय डाग हायेत. खाजवलं का चिघळते, नाई खाजवलं का आठ दिवसात सुकते.

चंद्रपूर
२०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफस या तापाचे रुग्ण निघाले, त्यात माझा भाऊही होता. सहा दिवस ताप, डोकं फुटायचं, गोळ्यांनी उतरेना. शेवटी एका डॉक्टरांनी सदरा काढायला लावला. काखेत काळी खपली होती, विडीनं भाजल्यासारखी, भोवती लाल कडं. दुखत नव्हती, खाजत नव्हती, म्हणून त्यानं कोणाला सांगितलंच नव्हतं. ही खूण गोचिडीची नव्हे. झुडपातल्या माइट किड्याची पिल्लं चावतात, ती डोळ्यांना दिसतही नाहीत. डॉक्सिसायक्लिन हे औषध सुरू झाल्यावर दोन दिवसांत ताप उतरला. खपली पडायला तीन आठवडे लागले, खाली गुलाबी खोलगट खूण राहिली. तापात अशी खपली दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, हात जोडून सांगतो.

आर्वी
सगळ्यांचं वाचलं. काल पोराच्या कानामागं एक सापडली. चिमट्यानं काढली, अख्खी निघाली. कॅलेंडरवर तारखेला गोल केलाय, दोन आठवडे त्याचं अंग तापतं का बघणार आहे. आज सकाळी मोहरीएवढा लाल ठिपका आहे.