टूलचं नाव वाचून एजंटले सगळं समजते म्हणणाऱ्याले

वडसा_एडिटिंग:
परवा एका भाऊनं लिहिलं का एआय एजंटसाठी (सांगितलेलं काम सॉफ्टवेअरमधी सोताच करते तो एआय) टूलचं, म्हणजे त्याले वापराले दिलेल्या एकेका कामाच्या कोडचं, वर्णन लिहत बसणं फालतू काम आहे, नाव नीट ठेवा, मॉडेल हुशार आहे, बाकीचं त्याले समजते. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहून रायलो. माहं काम लग्नाचे अन झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकाचे व्हिडिओ एडिट कराचं. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरले एजंट जोडाचा तयार एमसीपी सर्व्हर (टूलचा संच) घेतला, एजंटले सांगितलं नाटकात जिथं जिथं गाणं सुरू होते तिथं मार्कर (खूण) लाव. एकही जागेवर नाई. रिझॉल्व्हची टाइमलाइन (क्लिप ओळीनं मांडाची पट्टी) 01:00:00:00 पासून, म्हणजे एक तासापासून, सुरू होते, म्हणून सेकंदाले 25 फ्रेमच्या हिशोबानं क्लिप कुठून सुरू होते विचारलं का आकडा 90000 च्या पुढचा येते, अन मार्करले मात्र टाइमलाइनच्या सुरुवातीपासून शून्य धरून मोजलेली फ्रेम लागते. वर्णनात काय होतं, "मार्कर जोडते". बस! आपण स्क्रीन पाहून चूक पकडतो, त्याच्याजवळ टूलचं नाव, ते वर्णन अन पॅरामीटरची यादी एवढंच असते. त्यानं कोठून ओळखाचं?

पुसदचा_कोडवाला:
ते मीच लिहिलं होतं अन आजही तेच म्हणतो. दरवाजा वाकडा आहे तर त्याच्यावर पाटी कायले लावता, दरवाजा नीट करा. टूलनं टाइमकोड (तास-मिनिट-सेकंद-फ्रेम) घ्यावा, 90000 ची वजाबाकी आतमधी कोडनं करावी. माह्याजवळ 40 टूल आहेत, सगळ्याची वर्णनं मॉडेलपुढं जातात, प्रत्येकाले निबंध लिहला तर टोकनचा (मॉडेल वाचते त्या शब्दाच्या तुकड्यायचा) पैसा कोण देणार, तुमी?

वडसा_एडिटिंग:
वजाबाकीचं मान्य. पण क्लिप डिलीट घ्या. रिपल चालू दिलं का नंतरचं सगळं अलीकडं सरकते, बंद ठेवलं का मधात खड्डा राहते. दोन्ही बरोबरच आहे, कोडमधी दुरुस्त कराले चूकच नाई. कोणतं कधी वापराचं हे शब्दातच सांगा लागते ना बापा.

सिंदेवाहीची_एडिटर:
शब्दाचं निघालं म्हणून सांगते. एका टूलचं वर्णन होतं "रिकामी जागा काढते". आतमधी एफएफएमपेग या व्हिडिओ-ऑडिओ सॉफ्टवेअरचं शांतता शोधणारं सायलेंसडिटेक्ट, ते मुळात 2 सेकंद -60 डेसिबलच्या खाली आवाज असला का शांतता धरते, पण या टूलवाल्यानं अर्धा सेकंद अन -30 ठेवलेलं, अन हे कुठंच लिहिलं नाई. एजंटले वाटलं टाइमलाइनवरचे खड्डे बुजवाचे आहेत. नाटकात पोराचं प्रेत आणते तो सीन होता, माय कितीतरी वेळ बोलतच नाई, मंडपातले लोक बी चूप. ते सगळं कापलं. प्रेत आलं अन लगेच मायचा हंबरडा. माह्या बाबानं तो सीन वीस वर्षं केला आहे, त्यायले दाखवाची मले हिंमत झाली नाई.

अकोला_रील्स:
ताई, राग येऊ देऊ नका, पण पाच तासाचं नाटक मोबाइलवर पाहते कोण? लोकायले तीन मिनिटं पाहिजे. टूलनं काम बरोबरच केलं.

वडसा_एडिटिंग:
कोण पाहते? दिवाळी झाली का इकडं या, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, धान निघालं का गावागावात मंडप पडते, लोक घोंगडी घेऊन रात्रभर बसतात अन सकाळी तसेच कामाले जातात. झाडीपट्टीचे कलाकार परशुराम खुणे यायले 2023 मध्ये पद्मश्री भेटली ती रीलसाठी नाई भेटली.

अकोला_रील्स:
पद्मश्रीचा मान आहेच, मी कलाकाराले कुठं बोललो? मी धंद्याचं बोलून रायलो. माह्या मोठ्या भावानं बी नाटक मंडळ काढलं होतं, दोन सीझनमधी बैलजोडी विकली. म्हणून नाटकाचं कौतुक आयकलं का मले जळते.

सिंदेवाहीची_एडिटर:
बैलजोडीचं वाईट वाटलं भाऊ, आमच्या घरी बी ते दिवस पाहिले. पण रील पाहिजे तर रील म्हणून मागा. मी पूर्ण रेकॉर्डिंग साफ कराले सांगितलं होतं.

पुसदचा_कोडवाला:
नाटक ठेवा बाजूले, कुठच्या कुठं गेले राजेहो! ताईचं मले एक पटलं अन ते मनापासून पटून नाई रायलं, तरी लिहितो. मायची चुप्पी अन माइक बंद असल्याची चुप्पी, -30 डेसिबलच्या खाली गेल्या का टूलले दोन्ही सारख्याच. हे कोडमधी ठरवता येत नाई. म्हणजे "हे टूल कधी वापरू नये" ही ओळ वर्णनातच लागते. पण निबंध नाई, चार ओळी.

वडसा_एडिटिंग:
चारच लिहितो, पाहा.
"निवडलेल्या क्लिपमधला शांत ऑडिओ शोधून तेवढा भाग कापते, टाइमलाइनवरचे खड्डे बुजवाले हे टूल नाई. कमीत कमी शांतता सेकंदात द्यावी, न दिल्यास अर्धा, अन आवाजाची पातळी डेसिबलमधी, न दिल्यास -30. कापल्यावर नंतरचे क्लिप अलीकडं सरकतात, म्हणून आधी टाइमलाइनची कॉपी करावी. नाटक, कीर्तन, अंत्ययात्रा यायच्यावर माणसाले विचारल्याशिवाय वापरू नये."

पुसदचा_कोडवाला:
चौथी ओळ पहिली घ्या. अन कॉपी करा म्हणून सांगू नका, कॉपी टूलनंच करावी, तिथं मी हटत नाई.

सिंदेवाहीची_एडिटर:
त्यात लग्नातली बिदाई बी टाका. तिथं बी पोरीचा बाप बोलत नाई.