मदत हवी आहे: जोडून रंगवलेल्या लष्करी मॉडेल्सचा भाव कसा ठरवायचा?

नमस्कार मंडळी. काकांच्या पश्चात त्यांची तीसेक मॉडेल्स माझ्याकडे आली आहेत. बहुतेक १/३५ प्रमाणातले (म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढे) रणगाडे, चार-पाच १/४८ ची विमानं. सगळी हातानं जोडलेली, रंगवलेली. जागेअभावी विकायची आहेत, पण भाव काय सांगू?

उत्पादन बंद झालेल्या सीलबंद किटला (सुट्या भागांच्या खोक्याला) मागणी असते, हे माहीत आहे. तेच किट जोडलं की घेणाऱ्याची जोडण्यातली मजाच जाते, आणि पुष्कळदा किटच्या किमतीइतकेही पैसे येत नाहीत. मेहनतीचे तास तर कुणी धरतच नाही. (काका एका टायगर रणगाड्यावर तीन महिने बसले होते!) कारखान्यातून तयार येणाऱ्या डायकास्टचं (साच्यात ओतलेल्या धातूच्या मॉडेल्सचं) बरं, खोका आणि मर्यादित आवृत्ती पाहून भाव लागतो.

तो टायगर नळीसकट साधारण २४ सेंटीमीटर भरतो. झिमेरिटचे (जर्मन रणगाड्यांवरच्या चुंबकी सुरुंगविरोधी लेपाचे) चरे पुटीवर हातानं ओढलेत, चाकांवरचा चिखल नुकता वाळल्यासारखा दिसतो. मात्र मागचा एक हूक तुटलाय. शेजारच्या स्पिटफायर विमानाचं डेकल (चिकटवलेलं चिन्ह) पिवळं पडून कडेनं उचललंय.

अशी दुरुस्ती करून विकावं की आहे तसंच? मला तर हात लावायची भीतीच वाटते. एकेक विकावं की सगळा लॉट? खोके नाहीत, सूचनापत्रकं आहेत. त्यानं काही फरक पडतो का? आणि विमानांच्या अँटेना न मोडता पार्सल करता कसं? फोटो काढलेत, सांगाल ते टाकतो.