पाहोमची चढण नेमकी कुठून सुरू होते?

दुपारची_शाळा:
दहावीच्या वर्गाला टॉलस्टॉयची पाहोम नावाच्या शेतकऱ्याची कथा (१८८६) वाचून दाखवली. बश्कीर लोक (रशियाच्या गवताळ मैदानातली एक जमात) त्याला सांगतात, हजार रूबल दे आणि दिवसभरात चालून जेवढ्या जमिनीला वळसा घालशील तेवढी तुझी. मात्र सूर्य मावळायच्या आत निघालास तिथे परत यायचं. तो पोचतो आणि कोसळून मरतो.

सराव परीक्षेत प्रश्न आला, 'कथेतील चढता संघर्ष (म्हणजे ताण वाढत जातो तो भाग, चढण) कुठे सुरू होतो?' एका मुलीने लिहिलं, "पाहोम शेजाऱ्यांकडून दंड घ्यायला लागतो तिथे." नमुना उत्तरात फक्त बश्कीरांकडचं ते शेवटचं चालणं होतं, म्हणून तिला शून्य. मला हे साफ चुकीचं वाटतं. आधी जमीनदारीणबाईंचा कारभारी पाहोमची गुरं रानात शिरली की त्याला दंड करायचा. त्या जाचाला कंटाळून त्याने शिंगरू विकलं, अर्ध्या मधमाश्या विकल्या, पोराला मजुरीला लावून उचल घेतली आणि जमीन घेतली. मग शेजाऱ्यांची गुरं शेतात आली तेव्हा तोच दंड वसूल करू लागला. चढ लागतो तो इथे.

शाईपेन:
नाही पटत. दंडाच्या प्रसंगातून माणूस कळतो, पण संघर्ष अजून पेटलेला नाही. बश्कीरांकडे जाईपर्यंत पाहोमची भरभराटच चाललेली आहे. तिथेच थांबला असता तर सुखाने म्हातारा झाला असता. टेकडीवर मुखिया कोल्ह्याच्या कातड्याची टोपी ठेवतो आणि 'इथून निघ, इथेच ये' म्हणतो, तेव्हा पहिल्यांदा मुदत पडते. वाचकाचा जीव टांगणीला लागतो तो त्या क्षणापासून. शून्य देणं कठोर झालं हे मान्य, पण उत्तर ते चालणंच आहे.

दुपारची_शाळा:
मग त्या चालण्यातलीच एक जागा बघा. पाहोम डावीकडे वळणार एवढ्यात समोर ओलसर, सखल तुकडा दिसतो. सोडवत नाही. इथे जवस छान येईल, असं मनात येतं आणि तो त्यालाही वळसा घालतो. हे वाचून पोटात गोळा येतो, कारण 'आणखी थोडी' हे आपण आधी ऐकलेलं असतं. गावातली १५ देस्यातीन (रशियातलं जमिनीचं जुनं माप) पुरली नाही म्हणून तो व्होल्गा नदीपार गेला. तिथे ५०० देस्यातीनचा सौदा ठरत आला होता, तो सोडून बश्कीरांकडे आला. ती पानं काढून टाका, मग उरते नुसती धावण्याची शर्यत.

रानवाट:
घोळ आकृतीमुळे होतो. १८६३ मध्ये जर्मन लेखक गुस्ताव फ्रायटागने कथानक चढत जाऊन माथ्यावरून उतरतं असा पिरॅमिड मांडला तो पाच अंकी नाटकासाठी, उत्कर्षबिंदू बरोबर मधोमध. लघुकथेत तो बहुतेक वेळा शेवटाकडे सरकतो, त्यामुळे चढणच लांबते. फळ्यावर दोन्ही बाजू सारख्या काढल्या की मुलं चढण मधल्या पानांत शोधत बसतात. आपल्याकडे नाट्यशास्त्रातल्या पाच अवस्था आहेत: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा (फळाची आशा), नियताप्ती (फळाची खात्री), फलागम (फळ मिळणं). पाहोमचा 'प्रयत्न' मला त्या उचलीत दिसतो. पुढे मात्र माप जुळत नाही, कारण ते फळ मिळवणाऱ्या नायकाचं आहे.

शाईपेन:
मग आणखी मागे का नाही जायचं? सुरुवातीलाच पाहोम म्हणतो, जमीन भरपूर असती तर सैतानालाही भ्यालो नसतो, आणि चुलीमागे बसलेला सैतान ते ऐकतो. तुमच्या हिशेबाने पहिल्या पानापासूनच चढण म्हणावी लागेल.

दुपारची_शाळा:
ती ठिणगी. पाहोमने तेव्हा काहीच केलेलं नाही, नुसतं बोललाय. मी वर्गात एकच विचारते, 'इथून याला मागे फिरता येईल का?' सैतानाने ऐकलं तेव्हा सहज येईल. शेजाऱ्यांकडून दंड घेतल्यावर अवघड, कारण गाव तुटलं. घरदार विकून व्होल्गापार गेल्यावर आणखी अवघड. उन्हात कोट काढून, बूट फेकून धावताना मात्र दारच उरत नाही. तुमची टोपी महत्त्वाची आहे, पण ती माथ्याजवळची पायरी.

शाईपेन:
गाव तुटलं, हे मी धरलं नव्हतं. तरी वेग बदलतो तो टोपीपाशी, एवढं माझं राहतंच. मुलीला मात्र पूर्ण गुण द्यायला हवे होते.

दुपारची_शाळा:
तिच्या उत्तराशेजारी पेन्सिलीने 'गुरं, दंड, दोनदा' एवढं लिहून ठेवलंय. शनिवारी पेपर घेऊन ती स्वतःच फेरतपासणीला जाणार आहे.