ब्रायन यांची श्रद्धा आतून आणि बाहेरून

प्रश्न: १९२५ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात, सरकारी शाळेत मानवाची उत्क्रांती शिकवण्यास बंदी करणारा कायदा मोडल्याबद्दल एका शिक्षकावर डेटन येथे चाललेल्या खटल्यात, सरकार पक्षातर्फे उभे राहिलेले राजकीय नेते विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी उत्क्रांतिवाद शिकवण्यास केलेला विरोध बहुधा निव्वळ अडाणीपणा म्हणून रंगवला जातो. मूलतत्त्ववादी (फंडामेंटलिस्ट) ख्रिस्ती माणसाला त्यात नेमके काय पणाला लागलेले दिसत असावे?

प्रतिसाद १: त्या वादातील जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मानववंशांची उतरंड आणि सुप्रजननशास्त्राचा (निवडक प्रजननातून मानववंश ‘सुधारण्याच्या’ विचाराचा) पुरस्कारही होता, हे सहसा कोणी सांगत नाही. बलवानाने दुर्बलाला तुडवणे हाच निसर्गनियम मानला, तर पहिल्या महायुद्धासारखे संहार अटळ आहेत, अशी ब्रायन यांची धारणा होती; शिवाय बायबलमधील पहिला माणूस आदाम याचे पापात पतन घडलेच नसेल, तर ख्रिस्ताने केलेल्या तारणाचा आधारच निखळतो, असे श्रद्धावंताला वाटते.

प्रतिसाद २: हेतू समजला, तरी एका पंथाने लावलेला धर्मग्रंथाचा अर्थ कायद्याने सरकारी शाळांवर लादण्याचे समर्थन त्यातून होत नाही. खुद्द ब्रायन यांनीही, बचाव पक्षाचे वकील क्लॅरेन्स डॅरो यांच्या प्रश्नांना उत्तर देताना, सृष्टीचे सहा दिवस चोवीस तासांचेच असतील असे नाही, हे मान्य केले होते.

प्रतिसाद १: आणि ती कबुली त्या काळाला धरूनच होती. ज्या ‘द फंडामेंटल्स’ या निबंधमालेवरून (१९१०–१९१५) मूलतत्त्ववादी चळवळीला नाव मिळाले, तिच्यातील धर्मशास्त्रज्ञ जेम्स ऑर यांच्यासारखे लेखक उत्क्रांती सरसकट नाकारत नव्हते. काही हजार वर्षांच्याच पृथ्वीचा आग्रह विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बळावला.